पेडल उत्तम, एडिटर डोकेदुखी

गिटारचा आवाज बदलणाऱ्या मल्टी-इफेक्ट पेडलच्या खोक्यावर हल्ली एक ओळ हमखास असते: संगणकावरून एडिट करा, सॉफ्टवेअर मोफत. दुकानात पेडल वाजवून बघता येतं, पण हे मोफत सॉफ्टवेअर कुणी लावून दाखवत नाही. नेमका ताप तिथेच असतो. त्यामुळे हे परीक्षण आवाजाचं नाही. बॉस जीटी-१, लाइन ६ एचएक्स स्टॉम्प आणि झूम जी१ फोर ही तिन्ही यंत्रं आपापल्या किमतीत चोख वाजतात, त्यावर भरपूर लिहून झालं आहे. इथे प्रश्न एवढाच, की सोबत येणारा एडिटर कुठे साथ देतो, कुठे अडून बसतो आणि अडला तर काय करायचं.

निकाल आधीच सांगतो. एचएक्स स्टॉम्पचा एचएक्स एडिट रोजच्या कामात सगळ्यांत भरवशाचा, मात्र अपडेटच्या दिवशी घाम काढतो. बॉस टोन स्टुडिओ कामापुरता ठीक, पण मांडणी जुनाट आणि जोडणी हट्टी. झूमच्या गिटार लॅबमागची कल्पना छान, पण पेडलमधल्या जागेचा हिशेब वापरणाऱ्याच्या गळ्यात. टीसी इलेक्ट्रॉनिकच्या टोनप्रिंटचा (पेडलमध्ये नवा टोन भरणारं सॉफ्टवेअर) त्रास सर्वांत कमी, कारण त्याच्याकडून कामच थोडं मागितलं आहे.

‘डिव्हाइस सापडत नाही’ म्हणजे नक्की काय

एडिटरमध्ये आवाज तयार होत नाही. तो फक्त दूरनियंत्रक. पडद्यावर डिलेचा नॉब फिरवला, की सॉफ्टवेअर पेडलकडे संदेश पाठवतं. बऱ्याच पेडलांत तो सिस्टिम एक्सक्लुझिव्ह जातीचा मिडी संदेश असतो (मिडी म्हणजे वाद्यं आणि संगणक यांच्यातली संदेशांची भाषा). एफ० या बाइटने सुरू होणारा आणि एफ७ ने संपणारा. मधे निर्मात्याचा क्रमांक (बॉस-रोलँडसाठी हेक्साडेसिमल ४१), यंत्राची ओळख, कुठला पॅरामीटर (म्हणजे सेटिंग) आणि त्याचं नवं मूल्य, एवढंच. पेडल ते ऐकतं, आपल्या तात्पुरत्या स्मृतीत बदल करतं आणि उत्तर पाठवतं. हा संवाद दुतर्फी असल्यामुळे केबल, ड्रायव्हर, पोर्ट किंवा आवृत्ती यांपैकी एक जरी बिघडली तरी सगळंच थांबतं. आणि बहुतेक एडिटर या चारही बिघाडांना एकच संदेश दाखवतात: डिव्हाइस सापडत नाही. या प्रकारच्या सॉफ्टवेअरचा सर्वांत मोठा दोष कुठला विचाराल, तर हाच. नुसतं ‘पोर्ट दुसऱ्या प्रोग्रामने धरला आहे’ असं लिहून आलं असतं, तरी लोकांच्या निम्म्या रात्री वाचल्या असत्या.

तपासणी नेहमी केबलपासून सुरू करावी. जी१ फोरला मायक्रो-यूएसबी लागते, आणि घरात पडलेल्या मायक्रो-यूएसबी केबलींपैकी बऱ्याच नुसत्या चार्जिंगच्या असतात. त्यांत वीज वाहणाऱ्या दोनच तारा असतात, डेटाच्या नसतात. पेडलचा दिवा लागतो, म्हणून केबल चांगली असा समज होतो. विंडोजवर डिव्हाइस मॅनेजर किंवा मॅकवर ऑडिओ मिडी सेटअप उघडून केबल काढा, लावा. यादीत काहीच हललं नाही तर दोष केबलचा किंवा सॉकेटचा, एडिटरला शिव्या देण्यात अर्थ नाही. जीटी-१ आणि एचएक्स स्टॉम्प यांना प्रिंटरला लागते ती चौकोनी टोकाची केबल लागते, तिथे हा घोटाळा क्वचित होतो. यूएसबी हब मात्र कुठेच वापरू नये, निदान अपडेट करताना तरी नाहीच.

यादीत यंत्र दिसतंय, तरी एडिटर नाही म्हणतोय? मग बहुधा पोर्ट अडकलेला आहे. विंडोजच्या पारंपरिक मिडी रचनेत एक पोर्ट एका वेळी साधारणपणे एकच प्रोग्राम उघडू शकतो. रीपर किंवा क्यूबेससारखं रेकॉर्डिंग सॉफ्टवेअर चालू असेल आणि त्याने पेडलचा मिडी पोर्ट घेऊन ठेवला असेल, तर एडिटरच्या हाती काही लागत नाही. रेकॉर्डिंग करता करता टोन बदलायचा असेल तर रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरच्या मिडी सेटिंगमध्ये जाऊन त्या पेडलचे इनपुट आणि आउटपुट दोन्ही बंद करावेत, फक्त ऑडिओ चालू ठेवावा. मिडी वापरणारी एखादी वेबसाइट क्रोममध्ये उघडी असली तरी हेच होतं, आणि ती टॅब शोधून सापडत नाही. मॅकवर एकाच पोर्टवर अनेक प्रोग्राम बसू शकतात, त्यामुळे तिथे ही तक्रार जवळजवळ नसते.

बॉस टोन स्टुडिओ

पहिली गोष्ट, ‘टोन स्टुडिओ’ या नावाचं एकच सॉफ्टवेअर नाही. जीटी-१ चं वेगळं, एमएस-३ चं वेगळं, कटाना अ‍ॅम्पच्या पिढ्यांचं वेगवेगळं. नाव सारखं पाहून भलतंच उतरवून घेणारे पुष्कळ. जीटी-१ साठी आधी बॉसचा यूएसबी ड्रायव्हर टाकायचा आणि मगच केबल लावायची. उलट केलं तर विंडोज स्वतःचा सर्वसाधारण ड्रायव्हर चिकटवतं आणि मग तो काढत बसावं लागतं. विंडोज ११ मध्ये कोअर आयसोलेशनखालचं ‘मेमरी इंटिग्रिटी’ चालू असेल तर जुने ड्रायव्हर अडवले जाऊ शकतात. ते बंद करण्यापेक्षा ड्रायव्हरची नवी आवृत्ती शोधणं शहाणपणाचं. मॅकवर ड्रायव्हर टाकल्यावर प्रायव्हसी अँड सिक्युरिटीमध्ये जाऊन परवानगी द्यावी लागते, आणि त्यानंतर मॅक पुन्हा सुरू करावा लागतो. ही पायरी वगळली तर इन्स्टॉलेशन यशस्वी दिसतं आणि तरीही काहीच चालत नाही.

सॉफ्टवेअर उघडल्यावर पोर्ट निवडायला सांगतं. बॉसच्या बऱ्याच यंत्रांचे दोन मिडी पोर्ट दिसतात: एक यंत्राच्या नावाचा, दुसरा त्याच नावापुढे ‘डीएडब्ल्यू कंट्रोल’ असं शेपूट असलेला. निवडायचा पहिला. दुसरा निवडला तर एडिटर कुरकुर न करता वाट बघत बसतो आणि शेवटी हात वर करतो.

आता मांडणी. डाव्या बाजूला लॅपटॉपवरच्या लाइव्हसेटची (पॅचच्या संचांची) लायब्ररी, दुसरीकडे पेडलमधले पॅच, म्हणजे साठवलेले टोन. या दोन याद्यांमधला फरक पडद्यावर पुरेसा ठळक नाही, आणि गोंधळाचं मूळ तेच. लायब्ररीतला पॅच निवडला की तो पेडलच्या तात्पुरत्या स्मृतीत जातो, ऐकू येतो, साठवला मात्र जात नाही. ‘राइट’ दाबून यू०१ ते यू९९ यांपैकी जागा निवडली तरच तो टिकतो. त्याआधी पायाने पुढचा पॅच घेतला, की तासाभराचं काम गेलं. विचारणा नाही, इशारा नाही. २०१६ साली आलेल्या यंत्राकडून फार अपेक्षा नको म्हटलं, तरी हा इशारा देणं संगणकावरच्या सॉफ्टवेअरला अवघड नव्हतं.

बॅकअपची पद्धत अशी: पेडलमधले सगळे यूझर पॅच निवडून लायब्ररीतल्या नव्या लाइव्हसेटमध्ये ओढा, मग तो लाइव्हसेट एक्सपोर्ट करा. टीएसएल फाइल तयार होते, ती पेनड्राइव्हवर ठेवा. तिच्यात पॅच असतात, सिस्टिम सेटिंग नसतात. म्हणजे आउटपुट सिलेक्ट, पेडलचं कॅलिब्रेशन वगैरे कागदावर लिहून ठेवलेलं बरं. जीटी-१ ची टीएसएल जीटी-१००च्या टोन स्टुडिओत उघडत नाही, आणि उलटही नाही.

आउटपुट सिलेक्टवरून एक महत्त्वाची गोष्ट. टोन सेंट्रल या बॉसच्या साइटवरून उतरवलेला पॅच आपल्याकडे बोदा किंवा कर्कश का वाजतो, या तक्रारीचं उत्तर बहुतेक वेळा सॉफ्टवेअरमध्ये नसून या एका सेटिंगमध्ये असतं. हेडफोन किंवा मिक्सरला जोडलं असेल तर ‘लाइन/फोन्स’, अ‍ॅम्पला जोडलं असेल तर त्या जातीचा अ‍ॅम्प निवडा. हे न बदलता एडिटरमध्ये इक्वलायझर फिरवत बसणं म्हणजे भलत्या जागी औषध लावणं.

कंपनीचा एडिटर नकोच असेल तर फ्लोअरबोर्ड नावाचा मुक्त स्रोत एडिटर आहे. जीटी-१०, जीटी-१०० आणि कटानासाठी त्याच्या आवृत्त्या मिळतात. दिसायला रूक्ष, पण बरेच पॅरामीटर एकाच पडद्यावर. रोलँड-बॉस आपल्या बऱ्याच यंत्रांचे मिडी तक्ते प्रसिद्ध करतात, म्हणून बाहेरच्यांना असं काही बनवता येतं. याचं श्रेय कंपनीला द्यायलाच हवं.

एचएक्स एडिट

एचएक्स स्टॉम्प २०१८ सालचं. तीन फूटस्विच, बऱ्यापैकी मोठा रंगीत पडदा, आणि आवाजाचं जवळजवळ सगळं काही खाली वाकून यंत्रावरच करता येतं. म्हणून एचएक्स एडिट ही सोय ठरते, गरज नाही. एडिटरचं योग्य स्थान हेच. ब्लॉक (म्हणजे साखळीतला एकेक इफेक्ट) ओढून जागा बदला, पडद्यावर लगेच दिसतं, पेडलवर लगेच ऐकू येतं. स्पीकर कॅबिनेटच्या आवाजाचा ठसा असलेल्या इम्पल्स रिस्पॉन्स फाइली मात्र याच मार्गाने आत जातात: १२८ जागा, आणि फाइल ४८ किलोहर्ट्झची नसली तर सॉफ्टवेअर स्वतः बदलून घेतं.

उणं एक आहे. पेडल जोडलेलं नसेल तर एचएक्स एडिटचा उपयोग शून्य. प्रवासात लॅपटॉपवर प्रीसेट (लाइन ६ च्या भाषेत पॅच) रचून ठेवावा म्हणाल, तर त्यासाठी हेलिक्स नेटिव्ह हे विकतचं प्लगइन घ्यायचं. यंत्रमालकांना त्यात सवलत मिळते. मोबाइलवर एचएक्स एडिट नाही.

आणि मग अपडेट. एडिटरची आवृत्ती आणि पेडलचं फर्मवेअर (यंत्राच्या आतलं सॉफ्टवेअर) यांची जोडी जुळावी लागते, नाहीतर दोघं एकमेकांना ओळख देत नाहीत. अपडेट टाळत राहणंही परवडत नाही. नोव्हेंबर २०२० च्या ३.० आवृत्तीने एचएक्स स्टॉम्पमधले ब्लॉक सहावरून आठ केले, तेही फुकट. असं काही मिळणार असेल तर एक संध्याकाळ गेली तरी चालेल. फक्त क्रम सोडायचा नाही.

आधी एचएक्स एडिटची नवी आवृत्ती लाइन ६ च्या साइटवरून घ्या, बाकीची सगळी लाइन ६ सॉफ्टवेअरं बंद करा, पेडल थेट लॅपटॉपच्या पोर्टला जोडा. खात्यात लॉग-इन लागतं आणि इंटरनेटही, तेव्हा पासवर्ड आठवत असल्याची खात्री अगोदरच करा. फाइल मेनूतून क्रिएट बॅकअप करा आणि त्यात प्रीसेट, इम्पल्स रिस्पॉन्स आणि ग्लोबल सेटिंग तिन्हींवर खूण आहे ना ते पाहा. यानंतरच अपडेट. संपल्यावर पेडल स्वतः सुरू होऊन प्रीसेट पुन्हा बांधायला घेतं. इथे लोक घाबरून प्लग काढतात. तसं अजिबात करू नये. पट्टी पुढे सरकत असली तर सरकू द्या. शेवटी फॅक्टरी रीसेट आणि मग बॅकअप परत आत. रीसेट न करताही पुष्कळांचं चालून जातं, पण नंतर एखादा फूटस्विच विचित्र वागू लागला तर पहिला संशय याच गाळलेल्या पायरीवर घ्यावा.

विजेचं भान हवं. लॅपटॉपला बॅटरी असते, एचएक्स स्टॉम्प अ‍ॅडॅप्टरवर चालतं. फर्मवेअर लिहिलं जात असताना दिवे गेले, तर पेडल अर्धवट लिहिलेलं राहतं आणि मग रिकव्हरी मोडमधून सगळं पुन्हा करावं लागतं. जिथे भारनियमन ठरलेलं आहे तिथे त्या वेळा टाळाव्यात. घरच्या साध्या इन्व्हर्टरवर विसंबू नये, वीज बदलायच्या क्षणी पेडल रीस्टार्ट होऊ शकतं. संगणकाचा यूपीएस असेल तर उत्तम. जीटी-१ आणि जी१ फोर या बाबतीत सुखी: चार पेन्सिल सेल नवे घाला आणि निर्धास्त व्हा.

गिटार लॅब आणि टोनप्रिंट

जी१ फोरमध्ये एका पॅचला पाच इफेक्ट, पॅच पन्नास. गिटार लॅबमधून नवे इफेक्ट फुकट उतरवून पेडलमध्ये भरता येतात, ही झूमची खरी चलाखी. पण पेडलमधली जागा मर्यादित असल्यामुळे नवा इफेक्ट घालायला जुना काढावा लागतो, आणि काढलेला इफेक्ट कुठल्यातरी पॅचमध्ये वापरलेला असतो. म्हणून काढण्यापूर्वी सगळ्या पॅचचा बॅकअप घ्या, आणि न वापरातले पॅच आधी रिकामे करा. जी१ फोर ऑडिओ इंटरफेस (गिटारचा आवाज संगणकात नेणारं यंत्र) नाही, यूएसबी फक्त एडिटिंगसाठी आहे. रेकॉर्डिंगच्या आशेने घेणाऱ्यांनी हे आधीच समजून घ्यावं.

टोनप्रिंटची गंमत अशी, की हॉल ऑफ फेम किंवा फ्लॅशबॅक या टीसीच्या पेडलांना केबल न लावताही नवा टोन भरता येतो. गिटार थेट त्या पेडलमध्ये, मधे दुसरं काही नको. पेडलचा स्विच टोनप्रिंटवर, गिटारचा व्हॉल्यूम पूर्ण, फोनचा आवाज पूर्ण, फोनचा स्पीकर पिकअपजवळ धरायचा आणि फोनवरच्या टोनप्रिंट अ‍ॅपमधलं बीम दाबायचं. स्पीकरच्या चुंबकीय क्षेत्रातून संकेत पिकअपमध्ये उतरतो. अकूस्टिक गिटारच्या पिएझो पिकअपवर हे होत नाही, तो चुंबकावर चालत नाही, हे उघड आहे. एकदा भरलं की अ‍ॅप विसरून जा, पेडलवरचे नॉब नेहमीसारखे चालतात.

फोनवरचे एडिटर

आपल्याकडे शिकणाऱ्या पोरांपैकी अनेकांकडे लॅपटॉप नसतो, अँड्रॉइड फोन असतो. त्यामुळे खरेदीपूर्वी पहिला प्रश्न हा: फोनचा एडिटर अँड्रॉइडवर आहे का? झूमच्या एमएस-५०जी+ साठीचा हँडी गिटार लॅब आयफोन-आयपॅडकडे बघून बनवला आहे. बॉस एमई-९० ला ब्लूटूथने जोडायचं तर बीटी-ड्युअल हा वेगळा अ‍ॅडॅप्टर विकत घ्यावा लागतो. पेडलच्या किमतीत तो धरूनच हिशेब करावा.

ब्लूटूथवर पेडल दिसत नसेल तर फोनच्या सेटिंगमध्ये जाऊन पेअर करायचा मोह टाळा. बहुतेक ब्लूटूथ मिडी अ‍ॅपना जोडणी अ‍ॅपच्या आतूनच करायची असते, आणि बाहेरून पेअर केलेलं यंत्र त्यांना मग सापडत नाही. अँड्रॉइड ११ पर्यंत अशा अ‍ॅपला लोकेशनची परवानगी लागते, कारण आसपासची ब्लूटूथ यंत्रं शोधण्यावरून ठिकाण कळू शकतं. १२ पासून त्याऐवजी ‘जवळची उपकरणे’ अशी परवानगी आली. नकार दिला असेल तर अ‍ॅप बिचारं आंधळं होतं, तसं बोलून मात्र दाखवत नाही.

लॅपटॉप जोडला की घरघर

एडिटरचा दोष म्हणून सांगितली जाणारी ही तक्रार खरं तर विजेची आहे. यूएसबी लावताच अ‍ॅम्पमधून किरकिर किंवा घरघर येत असेल तर लॅपटॉपचा चार्जर काढून बघा. आवाज थांबला तर ग्राउंड लूप आहे, म्हणजे यंत्रांच्या अर्थिंगला एकाहून अधिक वाटा मिळाल्याने येणारा आवाज. एडिटिंग बॅटरीवर करा, किंवा लॅपटॉप आणि अ‍ॅम्प एकाच अर्थिंग असलेल्या एक्स्टेन्शनवर घ्या. अ‍ॅम्पच्या प्लगची अर्थिंगची पिन काढून टाकण्याचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका, त्यात शॉक बसायचा धोका आहे. बाजारात एडीयूएम३१६० किंवा ४१६० चिपचे स्वस्त यूएसबी आयसोलेटर (हा लूप तोडणारे) मिळतात. ते १२ मेगाबिटपर्यंतच चालतात; नुसत्या एडिटिंगला तेवढं पुरावं, पण हाय-स्पीड यूएसबी मागणाऱ्या ऑडिओ इंटरफेसला ते पुरत नाहीत.

जुनं किंवा महाग घेताना

एडिटरवर अवलंबून असलेल्या पेडलचं आयुष्य एडिटरइतकंच. डिजिटेकच्या आयस्टॉम्पमध्ये इफेक्ट भरायला अ‍ॅपलचं यंत्र आणि खास केबल लागायची. त्याच कंपनीच्या आयपीबी-१० मध्ये तर आयपॅडच पेडलबोर्डात बसवायचा होता, जुन्या ३० पिनी कनेक्टरचा. २०१२ मध्ये अ‍ॅपलने कनेक्टर बदलला आणि २०१७ च्या आयओएस ११ ने ३२-बिट अ‍ॅप बंद केली. सोर्स ऑडिओचं जुनं न्यूरो अ‍ॅप फोनच्या हेडफोन जॅकमधून पेडलला माहिती पाठवायचं, आणि मग फोनमधले जॅकच जाऊ लागले. ऑक्टोबर २०१९ च्या मॅक कॅटालिनाने ३२-बिट सॉफ्टवेअर चालवणं थांबवलं, त्यात कितीतरी जुने एडिटर गेले. उलटं उदाहरणही आहे: न्यूरल डीएसपीचं क्वाड कॉर्टेक्स २०२१ पासून लोकांच्या हातात होतं, पण संगणकावरचा त्याचा एडिटर कॉर्टेक्स कंट्रोल सर्वांना मिळायला २०२३ उजाडलं. पडदा स्पर्शाने चालणारा होता म्हणून निभावलं.

इव्हेंटाइड एच९ सेकंडहँड मिळत असेल तर खास सावध राहा. आवाज अप्रतिम, पण यंत्रावर एक मोठा नॉब आणि मोजकी बटणं. एच९ कंट्रोल या एडिटरशिवाय त्यात खोलवर शिरणं म्हणजे संयमाची परीक्षा. विकणाऱ्याला तुमच्याच फोनवर अ‍ॅप जोडून दाखवायला सांगा. डिजिटेक आरपी मालिकेतलं जुनं मॉडेल असेल तर यूएसबी पोर्ट मुळात आहे का ते बघा, आरपी५५ ला नाही. त्यानंतर एडिटर बाजूला ठेवा आणि यंत्राच्या बटणांवरून एक पॅच बदलून, साठवून, पेडल बंद करून पुन्हा सुरू करा. बदल टिकला आणि ते करताना फार वैताग आला नाही, तर भाव करायला हरकत नाही.